डाव्या हातांचा मासा

मी मासा बोलतोय. नाक मुरडू नका, मला वास नाही. मी कागदाचा आहे. दोन बोटं रुंदीची एक पट्टी घ्यायची, एका टोकाजवळ खालून अर्धी चीर द्यायची, दुसऱ्या टोकाजवळ वरून अर्धी, आणि पट्टी वाकवून त्या दोन चिरा एकमेकींत अडकवायच्या. झाला मासा! अंगणवाडीतली चार-चार वर्षांची पोरं मला करतात. उंचावरून सोडलं की मी भिरभिरत खाली येतो, एवढीच काय ती माझी विद्या. पण मी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझे दिवस फार उरलेले नाहीत, तेव्हा जरा बसून ऐका.

मासा व्हायच्या आधी मी कॅलेंडरचं पान होतो. आचऱ्याला, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या जवळ शंकर आबांचं घर आहे. तिथल्या भिंतीवर मी टांगलेला होतो. मे महिना. आम्हा कॅलेंडरच्या पानांना तोरा फार, आणि का नसावा? लग्नाची तारीख असो की गॅसचा सिलिंडर, आमच्याकडे बघितल्याशिवाय घरात काही ठरत नाही. पाठीवर राशिभविष्य आणि फणसाच्या भाजीची कृती असते, ती वेगळीच.

आबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर उभे राहत. तारखांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते अमावास्येचा काळा गोल बघत आणि पौर्णिमेचा पांढरा गोल बघत, कारण समुद्राचं पाणी चढणार किती ते त्यावर ठरतं. "उदान आसा फुडल्या आठवड्यात," असं स्वतःशीच म्हणत आणि बाहेर पडत.

आबांनी जन्म रापणीवर काढला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते पाण्यात अर्धगोल टाकून येते आणि मग वाडीतली माणसं दोन्ही बाजूंनी दोऱ्या धरून ते वाळूवर खेचतात. तिथला कायदा सोपा आहे. दोरीला ज्याने हात लावला त्याला मासळीत वाटा, मग तो म्हातारा असो, पोर असो की वाटेने जाणारा असो. आबा आणि त्यांचे सोबती भाई, दोघं कायम एकाच दोरीला पुढेमागे उभे असत. तरुणपणापासूनची जोडी. दुपारी परत येऊन आबांच्या पडवीत दोघं जाळी शिवत बसायचे आणि जगाची उठाठेव करायचे.

आबांची नात अनुजा. तिचा बाप सुदेश मुंबईला नोकरीला, आई शर्मिला इथल्याच काजूच्या कारखान्यात जाते. पोर गुणाची, पण डावरी. बिस्कीट दिलं की डावा हात पुढे, फूल तोडायला डावा हात, जेवायला बसली की डावाच हात भातात.

"त्या हातान नको गो!" आबा म्हणायचे आणि तिच्या मनगटावर चापट द्यायचे. जोरात नाही. पण दर वेळी.

शर्मिला कधीतरी म्हणायची, "बाबानु, ऱ्हवांदेत. ल्हान आसा ता."

"ल्हान आसा म्हणानच सांगतंय. ह्यां आतापासून मोडूक व्हयां," आबा म्हणायचे. भाई मान डोलवायचे.

आबा दुष्ट होते असं समजू नका हं. नातीवर जीव होता त्यांचा. खांद्यावर घेऊन तिला समुद्रावर न्यायचे. पण डाव्या हाताने अन्नाला शिवायचं नाही, देवाला काही वाहायचं नाही, हे त्यांना त्यांच्या आजाने शिकवलं होतं आणि त्याला त्याच्या आजाने. पोरीने मात्र यावर आपली एक युक्ती काढली. जेवायला बसली की डावा हात मांडीखाली घालायची आणि त्यावर बसायची. म्हणजे तो बाहेर येण्याची भानगडच नको. मी भिंतीवरून बघायचो. मला गंमत वाटायची तेव्हा. आता नाही वाटत.

मे महिना संपत आला आणि एका सकाळी चहाचा कप आबांच्या हातातून गळाला. ते माझ्यासमोरच उभे होते. कप पडला, मग आबा पडले. अंगावरून वारं गेलं. शर्मिलाने हाका मारून वाडी गोळा केली, भाई धावत आले, आणि रिक्षात घालून आबांना नेलं. परत आणलं तेव्हा जून लागला होता आणि मला फाडून फडताळात ठेवलं होतं. जुनी पानं शर्मिला टाकत नाही, डब्यांखाली घालायला बरी पडतात. फडताळाच्या फटीतून मला आबांची खाट दिसायची. बोलणं जड झालं होतं, पाय थोडा ओढत होता, आणि उजवा हात कोपरापासून लोंबत होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटभर खायला घाला, डाव्या हाताने सगळं करायची सवय लावा. सांगायला काय जातंय! शर्मिलाने भात-आमटीचं ताट समोर ठेवलं. आबांनी ताटाकडे बघितलं, डाव्या हाताकडे बघितलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाबानु, मी भरवतंय," ती म्हणाली.

आबांनी ओठ घट्ट मिटले. सुनेच्या हातून घास घ्यायची लाज, आणि स्वतःच्या डाव्या हाताची त्याहून जास्त. चमचा आणला, तर तोही डाव्याच हातात धरायचा ना! शेवटी, वाटी उचलायला डावा हात चालतो म्हणून, पेज तेवढी तोंडाला लावून प्यायचे. रोज पेज. सकाळी पेज, दुपारी पेज. सुदेश फोनवरून ओरडायचा, शर्मिला चुलीपाशी जाऊन डोळे पुसायची. दोरी ओढून ओढून कमावलेले ते खांदे पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यातच उतरले. माणूस आजाराने जात नव्हता, उपाशी राहून जात होता. भाई येऊन बसायचे, पण तेही काय सांगणार? डाव्या हाताने जेव, असं त्यांच्या तोंडून निघेना.

अशात अंगणवाडीतल्या संचिताबाईंनी पोरांना घरून जुने कागद आणायला सांगितले आणि शर्मिलाने मला अनुजाच्या पिशवीत घातलं.

तिथे माझ्या पट्ट्या झाल्या. एक महिना म्हणून मिरवलेला मी, माझे तुकडे तुकडे झाले, तेव्हा वाईट वाटलंच. मी आज बोलतोय तो त्यातल्या एका पट्टीत उरलेला. बाईंनी कात्रीने दोन्ही टोकांना चिरा दिल्या आणि पोरांना दाखवलं, "हे असं वाकवायचं, हे ह्याच्यात अडकवायचं." पोरं लागली की कामाला! माझी भावंडं एकेक करून मासे झाली. पोरं बाकावर चढून त्यांना सोडत होती, मासे गरगरत खाली येत होते आणि वर्गात नुसता कल्ला.

मी अनुजाच्या हाती होतो. एकाच हाती. ती उजव्या हाताने माझं एक टोक धरायची, दुसरं टोक हनुवटीने दाबायची. मी सुटायचो. पुन्हा धरायची, पुन्हा सुटायचो. दुसरा हात मांडीखाली.

बाईंनी बघितलं. "अनुजा, तुझो दुसरो हात खंय गो?"

"निजलो."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला तिच्या पिशवीत परत घातलं. "घराक जा आणि कोणाच्या तरी वांगडा कर," असं त्यांनी सांगितलं. कोणाच्या वांगडा म्हणजे बरोबर करणार? दुपारी घरात होतं कोण? खाटेवरचे आबा.

बाहेर पाऊस कोसळत होता. अनुजा खाटेवर चढून आबांच्या पायाशी बसली. हातावर बसली. मला तिने आबांच्या गुडघ्यावर ठेवलं.

"आबा, ह्येचो मासो करूचो आसा. माका जमना नाय."

आबांनी खाली बघितलं. माझ्या अंगावर एका टोकाला अमावास्येचा काळा गोल होता. आबांनी त्यावर डावं बोट ठेवलं. ओळखलं त्यांनी मला! तोच तो गोल, रोज सकाळी बघितलेला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

"ह्यो डोळो," अनुजा म्हणाली. "तुमी हयसून धरा. मी थयसून धरतंय."

आबांनी डोळ्याचं टोक धरलं. तिने उजव्या हाताने दुसरं टोक आणलं, पण तो हात कामाला सरावलेला नव्हता, चीर चिरीसमोर येईचना. मी दोनदा सटकलो. तिसऱ्यांदा फाटता फाटता वाचलो. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तो हात काड भायर," आबा म्हणाले.

"नको. आबा रागावतत."

समोर बसलेल्या आबांनाच ती हे सांगत होती. आबांनी माझं टोक सोडलं. मग म्हणाले, "काड गो बाय. रागावना नाय."

तिने मांडीखालून हात काढला. तांबडालाल झालेला, वर गोधडीच्या टाक्यांचे वळ उठलेले. बोटं उघडेनात. "मुंगयो इल्यो," ती म्हणाली आणि हात झटकायला लागली, तर तो झटकलाही जाईना. तिच्या अंगाशी तो नुसता लोंबला, आणि शेजारी आबांचा उजवा हात तसाच लोंबत होता. आबांनी एकदा तिच्या हाताकडे बघितलं, एकदा आपल्या.

"माझो हात वाऱ्यान मारल्यान," आबा जड जिभेने म्हणाले. "तुझो मियां मारलंय गो." आणि तो मोठा माणूस, अमावास्येच्या उधाणात होडी काढणारा, पाच वर्षांच्या पोरीचा हात आपल्या डाव्या हातात घेऊन चोळत बसला आणि हमसून हमसून रडला. मी गुडघ्यावरून खाली पडलो होतो, मला कुणी उचललं नाही, आणि मला त्याचा रागही आला नाही.

पोरांना रडणं फार वेळ परवडत नाही. हाताला जाग आली तशी अनुजाने मला उचललं. "धरा आता नीट," ती म्हणाली, अगदी आबांच्याच सुरात. एक टोक आबांच्या डाव्या हातात, एक तिच्या डाव्या हातात. दोघं एकमेकांसमोर. चिरा समोरासमोर आल्या, तिने जरासा पीळ दिला, आणि मी अडकलो. मासा झालो! आबांनी मला हातभर उंच धरलं आणि सोडलं. काय गरगरत गेलो मी! पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात राहणाऱ्या माशाला असं पोहता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. शर्मिला घरी होती, तिने भात आणि बांगड्याची आमटी केली. आबांसमोर ताट ठेवलं, नेहमीसारखी पेजेची वाटीही ठेवली. शेजारी अनुजा जेवायला बसली, आणि सवयीने हातावर बसली. उजव्या हाताने घास घेतला, अर्धा फ्रॉकवर सांडला.

"त्या हातान जेव," आबा म्हणाले.

शर्मिलाच्या हातातली पळी थांबली.

अनुजाने आबांकडे बघितलं. "तुमी आदी."

आबा ताटाकडे बघत राहिले. जन्माचं वळण मोडायचं म्हणजे काय, हे त्या वेळी त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी डावा हात उचलला आणि भातात घातला. पहिला घास ओठापर्यंत पोचलाच नाही, सगळा सदऱ्यावर. त्यांनी हात मागे घेतला.

"आंगठो भायर ठेवा, आबा," अनुजा म्हणाली. "मगे आंगठ्यान आत ढकला. ह्यां बगा." तिचा डावा हात मांडीखालून कधी निघाला ते तिचं तिलाही कळलं नाही. तिने एक घास खाऊन दाखवला. आबांनी अंगठा तसा धरला. दुसरा घास तोंडात गेला. भात चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि शर्मिला पाठ फिरवून उगाचच आमटी ढवळत होती. त्या दुपारी पेजेची वाटी मांजराला मिळाली.

श्रावण गेला, गणपती आले. आबांचे खांदे थोडे भरले होते, काठी घेऊन पडवीपर्यंत यायचे. सुदेश मुंबईहून आला, आबांनी खुर्चीत बसून त्याच्याकडून माटवी बांधून घेतली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, सुपारीचे घड, रानातली लाल कवंडळं, आंब्याचे टाळे बांधतात. मलाही तिथे बांधा, असा अनुजाने हट्ट धरला. "गणपतीक मासो चलना नाय गो!" शर्मिला म्हणाली. मग आबांनी जाळ्याच्या धाग्याने मला शेजारच्या खिडकीला टांगलं. गाठ मात्र अनुजाने मारली.

आरती झाली, वाडी जमली होती. पंचखाद्याचं ताट घेऊन भाई वाटत होते, मोठं माणूस म्हणून दरवर्षी तेच वाटतात. अनुजापाशी आले. तिने डावा हात पुढे केला.

भाईंनी ताट मागे घेतलं. "उजवो हात. देवाचो परसाद आसा."

सगळे बघायला लागले. अनुजाचा हात मागे गेला, आणि ती खाली बसली. हातावर.

"भाई, आदी माका दी," आबा खुर्चीतून म्हणाले आणि त्यांनी डावा हात पसरला. गेले दोन महिने हा हात त्यांनी परक्या माणसासमोर काढला नव्हता. भाईंनी त्यावर प्रसाद ठेवला. आबांनी तो तोंडात घातला नाही. अनुजाला जवळ बोलावलं, तिचा डावा हात पुढे घेतला आणि त्यावर ठेवला.

"शंकर, तुझी गजाल येगळी," भाईंचा आवाज चढला. "तुका इलाज नाय. पोरीक कित्याक बिगडवतस?"

"ह्याच हातान माका जेवक शिकयल्यान," आबा म्हणाले. "रापणीर दोरयेक खंयचो हात लायलो, तां तू कदी इचारलंस? हात लायलो तेका वाटो."

"ती दर्यावयली गजाल. ही देवाची."

भाईंनी ताट पाटावर ठेवलं आणि प्रसाद न घेता घरी गेले. त्यानंतर ते पडवीत आले नाहीत. आबा संध्याकाळी वाटेकडे बघत बसायचे. समोरून भाई समुद्रावर जाताना दिसायचे, मान वळवायचे नाहीत. एवढ्या वर्षांची जोडी, आणि मधे एका पोरीचा हात. आबांना ते लागलं होतं, पण अनुजाचा हात त्यांनी पुन्हा कधी लपू दिला नाही. दोघं शेजारी बसून डाव्या हातांनी जेवायची, आबांनी सांडलं की अनुजा हसायची, अनुजाने सांडलं की आबा.

माघात आबांना दुसरा झटका आला. या वेळी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. सुदेश रातोरात निघून आला. सकाळी घर माणसांनी भरलं. आबांचे डोळे मिटलेले, श्वास थांबून थांबून येत होता. शर्मिलाने वाटीत तुळशीचं पाणी आणलं. सुदेशने चमचाभर घातलं, तिने घातलं, मग अनुजाला पुढे केलं.

तेवढ्यात दारात भाई उभे राहिले. ते आत आले, खाली बसले आणि आबांचा उजवा हात, तो गेलेला हात, त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला.

अनुजाने डाव्या हातात चमचा घेतला होता. मागून कुणी म्हातारी सवयीने पुटपुटली, "उजव्या हातान गो, बाय." पोरीचा हात तिथेच थांबला. पाण्याचा थेंब थरथरला. मला वाटलं, आता हा हात जातो मांडीखाली, आणि या खेपेला तो बाहेर काढायला आबा नाहीत.

"कोण बोललां तां?" भाई मागे न बघता म्हणाले. "घाल गो बाय. तुझ्याच हातान घाल. हात लायलो तेका वाटो."

अनुजाने पाणी घातलं. एक थेंब सांडला नाही. आबांचे ओठ हलले, पाणी आत गेलं. थोड्या वेळाने सगळं शांत झालं, आणि भाईंनी तो हात बराच वेळ सोडला नाही.

मी अजून त्याच खिडकीला आहे. उन्हाने माझ्या तारखा उडाल्या, समुद्राच्या वाऱ्याने अंग मऊ पडलं, एक चीर काठापर्यंत फाटत आली आहे. येता पाऊस मला झेपायचा नाही आणि त्याचं दुःखही नाही. काळा डोळा मात्र शाबूत आहे, त्याने मी अजून बघतो. भाई पुन्हा पडवीत येऊन जाळी शिवतात. अनुजा त्यांच्यासमोर बसून सुतळी धरते, डाव्या हाताने.

जूनमध्ये ती मोठ्या शाळेत जाईल. तिथे मी नसेन, आबा नसतील. म्हणून जाता जाता तुम्हालाच सांगतो. तुमच्या घरात, वर्गात, पंगतीत कुणी पोर आपल्या हातावर बसलेलं दिसलं, तर त्याला ओरडू नका. जवळ जा, तो हात हळूच बाहेर काढा आणि थोडा चोळा. त्याला मुंग्या आलेल्या असतात.